हिलमनचा हीटर

९ डिसेंबर १९९०, रविवार

सुनेत्रा आमच्या चिनूला घेऊन मिरजेला घरी गेली त्याला आज तीन आठवडे झाले. सुट्टीच्या दिवशी वरचं घर खायला उठतं, म्हणून संध्याकाळी खाली घरमालकांकडे गेलो. दारजी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांचा मुलगा नवतेज हिलमनच्या डॅशबोर्डखाली डोकं खुपसून पडला होता. फक्त पाय दिसत होते.

दारजींनी ही विलायती गाडी कालवे खात्यात असताना एका साहेबाकडून घेतली. वयाने ती नवतेजपेक्षा मोठी, त्यामुळे घरात तिला मान आहे. हीटर मात्र दोन हिवाळे बंद आहे. नवतेजच्या आईचा, बीजींचा, दमा थंडीत उसळतो आणि डिसेंबर लागला की त्या गाडीत बसायलाच तयार होत नाहीत. नवतेजने आज मनावर घेतलं. मी टॉर्च धरला. सहाला सुरुवात केली. आठला बीजींनी मक्याची रोटी आणि साग तिथेच आणून दिला. पावणेनऊच्या बातम्या आतून ऐकू येत होत्या तेव्हा ब्लोअरची मोटर एकदाची हातात आली. गोल, टमरेलाएवढी, गंजाने अशी धरलेली की पंखा हाताने फिरेना. सगळं आवरायला साडेनऊ झाले.

"वीरजी, इसमें कुछ गया नहीं है, सिर्फ जंग है. अगले संडे बीजी को गरम हवा. पक्का," नवतेज म्हणाला. मला तो वीरजी म्हणतो, म्हणजे दादा.

बऱ्याच दिवसांनी झोप चांगली लागेल असं वाटतंय.

१० डिसेंबर

सकाळी नेहमीप्रमाणे नवतेजच्या पगडीचं दुसरं टोक धरायला खाली गेलो. याला पूणी म्हणतात. सहा वार कापड दोघांनी ताणायचं आणि घडी घालत घालत जवळ यायचं. एकट्याला जमत नाही. आधी मला गंमत वाटायची, आता चुकलं तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. नवतेज म्हणतो, मराठी माणूस टोक घट्ट धरतो, सोडत नाही.

रेडिओवर सांगितलं की काल संध्याकाळी डेराबस्सीच्या बाजूला पोलिसांच्या नाक्यावर गोळीबार झाला. दोन शिपाई गेले.

१२ डिसेंबर, बुधवार

नवतेजला उचलून नेलं.

तो ज्या आर्किटेक्टकडे नकाशे काढतो तिथे दुपारी चारला जीप आली. साध्या कपड्यांतले चौघे होते. ऑफिसच्या शिपायाने सायकलवर येऊन सांगितलं. दारजी तसेच ठाण्यावर गेले. तिथे म्हणाले, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठाण्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. बीजी फाटकाशी उभ्या होत्या. शाल घ्या म्हटलं तर त्यांना ऐकूच आलं नाही.

१५ डिसेंबर

दारजींच्या जुन्या ओळखीचा एकजण पोलिसांत आहे. त्याच्याकडून कळलं ते असं: डेराबस्सीच्या गोळीबारात एक उंच तरुण होता, पिवळ्या पगडीचा, आणि कोणीतरी नवतेजचं नाव घेतलं. रविवारी, संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान.

मी खाली त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. ऐकल्याबरोबर ओरडलोच, "पण रविवारी तर तो माझ्याबरोबर होता! सहापासून साडेनऊपर्यंत! आम्ही मोटर काढत होतो!"

बीजींनी माझे दोन्ही हात धरले. "तेरे नाल सी. सुण्या जी? इसदे नाल सी!" याच्याबरोबर होता, असं दारजींना सांगत तीन दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या. दारजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आईबापाची साक्ष कोण मानतं? मी परका, सरकारी संस्थेतला, हिंदू. माझ्यासारखा साक्षीदार त्यांना शोधूनही मिळाला नसता.

वर आलो तेव्हा अंगात काहीतरी संचारल्यासारखं वाटत होतं. आता तासाभराने लिहायला बसलो, तर आधी उठून दाराला कडी लावली.

१६ डिसेंबर, रविवार

वामनरावांकडे गेलो. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये ते सगळ्यात जुने मराठी, गणपती त्यांच्याच घरी बसतो. मी सांगायला लागलो तसे ते उठले आणि खिडकी लावून घेतली.

"साक्ष देणार म्हणजे काय करणार, श्रीनिवास? कागदावर सही करणार. त्या कागदावर तुझा पत्ता असणार. उद्या पोलीस तुला विचारायला बोलावणार, परवा ते दुसरे बंदूकवाले तुला आपला समजायला लागणार. मार्चमध्ये तुझं कन्फर्मेशन आहे. आपण इथे पाहुणे आहोत रे."

मी म्हणालो, मुलगा निर्दोष आहे.

"असेल ना. मग सुटेल."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला पटलं. खरं तर पटलं नाही, पण बरं वाटलं.

१८ डिसेंबर

सकाळी दारजींनी हाक मारली. त्यांची पूणी नवतेज करायचा. मी टोक धरलं. व्हरांड्याच्या दोन टोकांना आम्ही दोघे आणि मध्ये पांढरं कापड ताणलेलं.

"पुत्तर, वकील से बात हुई है. हायकोर्ट में अर्जी डालेंगे. वो कहता है एक हलफनामा चाहिए. बस इतना, कि छह से साढ़े नौ वो तेरे साथ था. और कुछ नहीं."

हातात टोक असल्यामुळे मला कुठे जाता येईना. कापड सोडलं असतं तर जमिनीला लागलं असतं. मी म्हणालो, "हां हां दारजी, जरूर. जरा सुनेत्रा से बात कर लूँ."

"कर ले," ते म्हणाले आणि घडी घालत माझ्यापर्यंत आले. इतक्या जवळून त्यांचे डोळे मी आधी पाहिले नव्हते. ते झोपत नाहीत.

२० डिसेंबर

एसटीडी बूथवरून मिरजेला फोन केला. सुनेत्रा म्हणाली, "अहो, तुम्ही आधीच सांगितलं असतं तर मी आज तिथे असते आणि तुम्हाला खोलीत कोंडून ठेवलं असतं." मी हसलो. ती हसली नाही. "त्यांचा मुलगा गेला म्हणून माझ्या मुलाचा..." एवढं बोलून थांबली. नंतर चिनूने फोन घेतला आणि हिंदीत विचारलं, पापा, नवतेज चाचूने मेरी गाड़ी का पहिया ठीक किया क्या? मी हो म्हणालो.

बूथवाला सगळं ऐकत होता असं वाटलं. काय ऐकणार म्हणा, मराठी होतं.

२२ डिसेंबर

दारजी आणि बीजी रोज सकाळी हिलमन काढतात. आज खरड, उद्या रोपड, परवा पतियाळा. जिथे कोणी सांगेल की एक उंच पोरगा पाहिला, तिथे जातात. बाहेर धुकं असतं. बीजी दोन रजया अंगावर घेऊन मागे बसतात आणि परत येतात तेव्हा ओठ निळे पडलेले असतात.

मी ठरवलं आहे, हीटर दुरुस्त करायचा. नवतेजने काढलेली मोटर गॅरेजात तशीच पडली आहे. पंधरा वर्षं प्रयोगशाळेत नाजूक यंत्रं उघडतोय, ही एक मोटर मला जड नाही. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. दारजींना सांगितलं तर म्हणाले, "ठीक है, पुत्तर."

२५ डिसेंबर, नाताळ

सुट्टी. दिवसभर मोटर. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली होती, आज दोन्ही बाजूंची झाकणं निघाली. आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून डाळीएवढे राहिलेत. मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये गेलो तर म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीचे कुठे मिळणार, दुसऱ्या कुठल्या मोटरचे मोठे कार्बन घ्या आणि घासून लहान करा. तेच करतोय. कानशीने घासायचं, बसवून पाहायचं, परत घासायचं. हे काम करताना मनात काही येत नाही. हे या कामाचं सुख आहे.

२७ डिसेंबर

दारजी वर आले. पहिल्यांदाच. जिना चढून दम लागला होता तरी बसले नाहीत. वकिलाने टाइप केलेला हलफनाम्याचा, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा, कागद आणला होता. माझं नाव, वय, हुद्दा, पत्ता सगळं घातलेलं, खाली सहीची जागा मोकळी. दहा तारखेला सुनावणी आहे.

मी म्हणालो, नीट वाचतो. टेबलावर तेलकट भाग पसरले होते म्हणून कागद खराब होऊ नये अशा बेताने खणात ठेवला. दारजींनी तो खण पाहिला.

कागदात एकही चूक नाही. चारदा वाचला. चूक असती तर दुरुस्त करायला परत पाठवता आला असता.

मग ही वही काढून नऊ तारखेचं पान वाचलं. वेळ लिहून ठेवायची सवय मला प्रयोगशाळेने लावली. सहा, आठ, पावणेनऊ, साडेनऊ. हे पान कोणाच्या हाती लागलं तर? फाडायचा विचार आला होता. फाडलं नाही, हे खरं, पण वही आता तांदळाच्या डब्यात ठेवतो.

३१ डिसेंबर

चालली! टेबलावर बॅटरी जोडली आणि मोटर चालली. आधी कण्हली, मग सूर धरला. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

मागे वळून पाहिलं तर दारात बीजी. आवाज ऐकून जिना चढून आल्या होत्या, चप्पल न घालता. फिरत्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "चल पई? ओह कैंदा सी, चल पऊगी." चालेल असं तो म्हणाला होता. मग त्यांनी मला पिन्नींचा, म्हणजे कणीक-तुपाच्या लाडवांचा, डबा दिला. नवतेजसाठी केल्या होत्या, तो येईपर्यंत तुपाला वास येईल म्हणाल्या.

पिन्नी खाल्ली. एकच. डबा झाकून ठेवला.

३ जानेवारी १९९१

मोटर गाडीत बसवली. पंखा झकास फिरतो, पण हवा थंडगार येते. काय चुकलं?

६ जानेवारी, रविवार

परत काढली. पंखा उलटा फिरत असेल असं वाटलं, तारा बदलून पाहिल्या. मग खरंच उलटा फिरायला लागला. पूर्ववत केलं. हवा थंडच.

दारजी विचारत नाहीत. कागदाबद्दल एक शब्द नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. सकाळी पूणीला आम्ही दोघेही कापडाकडे बघतो.

मी असं ठरवलंय: आधी हीटर पूर्ण होऊ दे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घालायचा नाही. सही शांत डोक्याने करायची गोष्ट आहे.

८ जानेवारी

तिसऱ्यांदा मोटर उघडली. तिच्यात दोष नाही. तरी कार्बन बदलले.

१० जानेवारी, गुरुवार

आज सुनावणी. काल दुपारी आमच्या सरांनी नमुने आणून दिले आणि ते आजच सेंट्रिफ्यूजला लावणं भाग होतं. भाग होतं म्हणजे, उद्या लावले असते तरी चाललं असतं. सकाळी आठलाच मागच्या जिन्याने निघालो. इन्स्टिट्यूटमधून दारजींना फोन करणार होतो पण लाइन मिळाली नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा.

दारजी एकटेच कोर्टात गेले होते, बीजी घरीच होत्या. संध्याकाळी कळलं, पोलिसांनी लिहून दिलं की या इसमाला आम्ही कधी ताब्यात घेतलेलंच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तो त्या वेळी घरी होता याला घरच्यांखेरीज कोणी साक्षीदार? वकील म्हणाला, आहे, हलफनामा यायचा आहे. पुढची तारीख चोवीस.

म्हणजे अजून चौदा दिवस आहेत. ऐकून मला हायसं वाटलं. मी हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

१३ जानेवारी, रविवार

आज लोहडी. गल्लीत दोन-तीन ठिकाणी शेकोट्या पेटल्या, आमच्या फाटकापुढे नाही.

दुपारी मी परत डॅशबोर्डखाली होतो. दारजी आले, म्हणाले, "क्या ढूँढ रहा है, पुत्तर?" मी सांगितलं, मोटर चालते, हवा गरम होत नाही, पाच वेळा तपासलं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूला हात घातला आणि एक पितळी तोटी फिरवली. दोन फेरे. गाडी चालू करायला सांगितली. पाच मिनिटांत माझ्या तोंडावर गरम हवा आली.

उन्हाळ्यात ती तोटी बंद करतात, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये येत नाही, आणि दिवाळीनंतर उघडतात. इकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मिरजेचा, आमच्याकडे गाडीत थंडी वाजली तर लोक काच वर करतात. दहा दिवस चांगली मोटर उघडत बसलो आणि पाणीच बंद होतं.

"आपने पहले क्यों नहीं बताया?" मी विचारलं.

"तूने पूछा नहीं," दारजी म्हणाले. मग जरा थांबून, "मुझे लगा तुझे टाइम चाहिए."

मला भयंकर लाज वाटली. मी म्हणालो, "दारजी, उद्या सही करतो. उद्या सकाळी तुमच्याबरोबर वकिलाकडे येतो." हे मी मराठीतच बोलून गेलो. त्यांना समजलं. "हाँ पुत्तर," म्हणाले.

कागद खणातून काढून टेबलावर ठेवला आहे. उद्या रजा टाकणार. मन हलकं झालंय.

१४ जानेवारी, संक्रांत

मिरजेहून तिळगुळाचं पार्सल शनिवारच्या टपालात आलं होतं. सकाळी वाटीत तिळगूळ आणि खिशात कागद घेऊन खाली गेलो.

बैठकीत दोघे जमिनीवर बसले होते. मधे वर्तमानपत्र. दारजींनी बोटाने दाखवलं. चार ओळी. अकरा तारखेला पहाटे झालेल्या चकमकीत एक खतरनाक अतिरेकी ठार, साथीदार अंधाराचा फायदा घेऊन पसार. आणि नाव. बापाच्या नावासकट.

अकरा. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी. काल ती तोटी उघडली तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते.

वाटी कुठे ठेवली आठवत नाही. बीजी ओरडल्या नाहीत. नवतेजची स्कूटर अजून त्या ऑफिससमोर उभी आहे, तिला गंज चढेल, कोणी घेऊन या, एवढंच म्हणत राहिल्या.

मी भित्रा आहे. इतके दिवस या वहीत मी नाना कारणं लिहिली, पण कारण हे एकच होतं. दहा तारखेला मी उभा राहिलो असतो तर तो वाचला असता का? कदाचित नसता. वामनराव म्हणतील नसताच. ते मला कधीच कळणार नाही आणि आता कोणाला विचारताही येणार नाही.

१८ जानेवारी

दारजी तीन दिवस फिरले. शव बेवारस म्हणून जाळलं होतं. शेवटी एका स्मशानातल्या माणसाने एका मडक्यात राख भरून दिली. त्या पहाटे तिथे तिघांना एकत्र जाळलं होतं. दारजींनी मला हे फाटकाशी सांगितलं आणि म्हणाले, "बीजी को नहीं पता. तू भी मत बताना."

सगळीकडे टीव्हीवर आखाती युद्ध चालू आहे. वामनराव फोनवर पेट्रोलबद्दल बोलत होते.

आज सकाळी मी पूणीला गेलो. दारजींनी दार उघडलं, पगडी बांधलेली होती. एकट्याने कशी ताणली कोण जाणे. एक टोक दाराच्या कडीला बांधलं असेल.

२० जानेवारी, रविवार

अस्थी सोडायला कीरतपूरला जायचं होतं. नातेवाईक कोणी आलं नाही. बीजींचा सख्खा भाऊ लुधियान्याहून निघालाच नाही, त्याला तीन मुलं आहेत. दारजींचे हात हल्ली कापतात, म्हणून गाडी मी चालवली.

धुक्यात चार ठिकाणी नाके लागले. प्रत्येक वेळी खाली उतरून मडकं उघडून दाखवावं लागलं. दारजीच दाखवत होते. गाडीत ऊब होती. बीजींचा श्वास सगळ्या रस्त्यात एकदाही अडकला नाही.

कीरतपूरला नदीपर्यंत पायऱ्या उतरायच्या होत्या. तेवढी थंडी बीजींना सोसली नसती. दारजी मडकं छातीशी धरून एकटेच गेले. मी इंजिन चालू ठेवलं आणि बीजींशेजारी मागे बसलो.

त्या म्हणाल्या, "दारजी ने मैनू सब दस्स्या." म्हणजे दारजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

म्हटलं, आता बोलतील. बोलावंच. मी त्याची वाट बघत होतो असं तेव्हा वाटलं.

त्यांनी माझा हात हातात घेतला. "दस तारीख को तू कचहरी गया. जज के सामने खड़ा हुआ. मेरा सगा भाई नहीं आया, पुत्तर. तू आया." माझा हात त्यांनी कपाळाला लावला. "कोई तो था, जिसने बोला कि मेरा बेटा चोर-डाकू नहीं था."

काचेतून मला दारजींची पाठ दिसत होती, पायऱ्या उतरताना. या माणसाने घरी येऊन बायकोला काय सांगितलं होतं! माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. जगात एक तरी माणूस उभा राहिला असं तिला वाटावं म्हणून. आणि वर आज माझ्याच हातात गाडीची किल्ली दिली.

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो.

"वहाँ क्या बोला तूने?" बीजींनी विचारलं. "मैनू वी दस्स. जैसे वहाँ बोला, वैसे ही."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला खरं सांगता आलं नाही. मग मी दुसरं खरं सांगितलं. सगळं, क्रमाने. की रविवार होता. की मी सहाला खाली आलो तेव्हा तो पोतं पसरून गाडीत उताणा पडला होता आणि कुठलंतरी गाणं चुकीच्या सुरात म्हणत होता. की पहिला स्क्रू निघेना तेव्हा त्याने पंजाबीत शिवी दिली आणि दारजी जवळ आहेत हे आठवून जीभ चावली. की सात वाजता त्याच्या अंगठ्याला पत्रा लागला, त्याने तो तोंडात धरला आणि बीजींना सांगू नका म्हणाला. की आठला त्याचे हात काळे होते म्हणून बीजींनी दोन घास त्याला भरवले. की त्याने पिवळी पगडी नव्हती बांधली, डोक्याला जुना रुमाल होता. की या सगळ्या वेळात तो फाटकाबाहेर गेला नाही. एकदाही नाही. मी हे शपथेवर सांगतो.

शपथेवर, असं मी खरंच म्हणालो. माझा आवाज कापत नव्हता. त्या कागदावर होतं त्याहून कितीतरी जास्त होतं, आणि सगळं बरोबर होतं.

बीजी डोळे मिटून ऐकत होत्या. अंगठ्याचं ऐकून त्यांच्या तोंडून "हाय" निघालं. हीटरची हवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर येत होती.

"साढ़े नौ बजे उसने हाथ धोए," मी म्हणालो. "मुझे बोला, गुड नाइट वीरजी."

"फिर?"

"फिर मैं ऊपर चला गया, बीजी."